पिन काढ, शून्य दाखव

बातमी आली तेव्हा मी माझ्या मैत्रिणीवर, मित्रावर, चिडलेली होते. सकाळपासून फोन लावत होते आणि ती उचलत नव्हती. फैजपूरच्या एका केळी व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावरचा संगणक पुन्हा गोठला होता, बाहेर घडांनी भरलेले ट्रॅक्टर उभे, व्यापारी माझ्या डोक्यावर उभा, आणि या बाई फोन उचलत नाहीत म्हणजे काय! शेवटी उचलला तो तिच्या आईनं, अक्कांनी. मी 'हॅलो'सुद्धा न म्हणता तोंड सोडलं, "अगं, आहेस कुठे तू?" मग अक्का म्हणाल्या, "वंदा, ती उठी नही ऱ्हायनी वं. दवाखानामा लई उनूत तिले." ती उठत नव्हती, दवाखान्यात आणलं होतं. मी तशीच निघाले. फैजपूरहून जळगाव, जळगावहून धुळे. पारोळ्याला बस थांबली, कंडक्टर चहाला उतरला, आणि तेवढ्यात दुसरा फोन आला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. संपलं होतं सगळं. मला आठवतं, मी बसमधून उतरले, पुन्हा चढले, पुन्हा उतरले. कंडक्टर म्हणाला, ताई, काय ते एक ठरवा.

त्याला आता महिना होऊन गेला आणि माझं अजूनही काही ठरलेलं नाही. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की कुठे जायचं ते कळत नाही. हा लेखसुद्धा मी स्वयंपाकघर आणि दुकान यांच्यामध्ये येरझारा घालत लिहिते आहे. मित्रा असती तर म्हणाली असती, चल, एक तरी गुण घेतलास माझा.

संघमित्रा तिचं पूर्ण नाव. दोंडाईच्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो, म्हणजे मी बाकावर आणि ती बाकाच्या आसपास. एका जागी बसणं तिला जमायचंच नाही. परीक्षेच्या दिवसांत ती रेल्वे स्टेशनच्या फलाटावर फेऱ्या मारत पाठ करायची आणि गाडी आली की प्रवाशांच्या गर्दीतून वाट काढत, तोंडानं पुटपुटत पुढे जायची. लोकांना वाटायचं पोरीला काही बाधा झाली आहे. अक्का तिकडेच जवळच्या खेड्यात आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. त्या कपाळाला हात लावायच्या, "एक जागावर बसनी नही कधी. जेवस त बी उभीच." वडील लवकर गेले होते. घरात या दोघीच. अक्कांचा कडक स्वभाव आणि मित्राची भिंगरी, पण त्या दोघींचं भांडण कधी रात्र ओलांडून दुसऱ्या दिवसात गेलेलं मी पाहिलं नाही.

पुढे आम्ही दोघीही संगणकाकडे वळलो, पण वेगवेगळ्या दारांनी. मी जळगावला छोटं दुकान टाकलं. केळी व्यापाऱ्यांना वजनाचे, पावत्यांचे प्रोग्राम करून द्यायचे, बिघडलं की धावत जायचं. माझं काम लोकांना दिसतं. पडद्यावर आकडा आला की काम झालं. मित्रा मात्र खाली उतरली, अगदी तळाशी. संगणकाचा गाभा म्हणतात तो भाग, जो कुणाला दिसत नाही, पण वरच्या प्रत्येक प्रोग्रामला मेमरीतली जागा देतो, काम झालं की परत घेतो, वायरी, छपाईयंत्रं, पडदे सगळ्यांशी बोलतो. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली, फुकट मिळणारी एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. तिच्या गाभ्यातल्या चुका शोधायच्या आणि दुरुस्त्या पाठवायच्या, हा मित्राचा छंद होता. पोटासाठी ती धुळ्यात घरी बसून कुठल्याशा कंपनीचं काम करायची, 'बसून' म्हणायचं एवढंच. नातेवाईक विचारायचे, "पोरगी काय करते?" अक्का ठसक्यात सांगायच्या, "खालेनं बघस ती." खालचं बघते. पुढे विचारायची कुणाची छाती नव्हती, कारण अक्कांनाही त्यापुढचं माहीत नव्हतं.

आमच्या वाटा पुन्हा एकत्र आल्या त्या माझ्या काट्यांमुळे. माझ्या गिऱ्हाइकांचे संगणक गोठायचे. रोज नाही, पण ऐन केळीच्या कापणीत हमखास. वजनकाटा आणि संगणक यांच्यामध्ये एक वायर असते, तिच्या टोकाला एक छोटी डबी. काट्याची भाषा ती संगणकाला समजावून सांगते. माझ्या प्रोग्राममध्ये मी शंभरदा शोधलं, काही सापडेना. मी आपली सगळ्यांना बजावत फिरायची, बंद करा, चालू करा. मित्राला हे सांगितलं तर ती फोनवरच ओरडली, "वंदे, बंद-चालू हा काय इलाज आहे? उद्या मला ताप आला तर मलाही बंद-चालू करशील!" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाईसाहेब पाठीवर सॅक टाकून फैजपूरला हजर.

तिथे तिनं जे पाहिलं ते मी वर्षानुवर्षं पाहत होते, पण त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. ट्रॅक्टर काट्यावर चढायच्या आधी शेतकरी खिडकीशी आला आणि आतल्या माणसाला म्हणाला, "पयले पिन काढ भाऊ, शून्य दाखव मले. मंग लाव." आतल्या माणसानं सवयीनं वायर उपटली, काट्याच्या तांबड्या आकड्यांत शून्य दिसलं, शेतकऱ्यानं मान हलवली, वायर परत लावली. आमच्याकडे ही रीतच पडून गेली आहे. कधीतरी कुठेतरी संगणक वजन मारतो अशी बोलवा उठली आणि तेव्हापासून संगणक तोडून शून्य पाहिल्याशिवाय कुणी माल चढवत नाही. यात शास्त्र किती आणि समाधान किती ते सोडा. पण प्रत्येक ट्रॅक्टरला, प्रत्येक पिकअपला, वजन वाचणं चालू असतानाच वायर उपटली जाते.

मित्रा एकदम उभी राहिली. म्हणजे ती उभीच होती, पण थांबली. मी घाईनं म्हणाले, "मी सांगते गं यांना, काढू नका म्हणून. ऐकतच नाहीत." तर ती माझ्यावरच उखडली. "का नाही काढायची? हक्क आहे त्याचा. त्याचा माल, त्याचं शून्य. माणूस पिन काढणारच. मशीननं मरायचं कशाला?"

मग त्या काट्याच्या पत्र्याच्या खोलीत फेऱ्या मारत तिनं मला ती चूक समजावली. वायर निघाली की गाभा म्हणतो, उपकरण गेलं, आणि त्याच्यासाठी दिलेली मेमरीतली जागा रिकामी करून दुसऱ्याला देऊन टाकतो. पण वजन वाचण्याचं एक काम आधीच लावून ठेवलेलं असतं, क्षणभरानं करायचं म्हणून. ते काम जागं होतं आणि जुन्याच पत्त्यावर जाऊन लिहितं. मी म्हणाले, मला कळेल असं सांग. ती म्हणाली, "भाडेकरूनं खोली सोडली. मालकानं लगेच दुसऱ्याला दिली. पण पहिल्यानं रंगाऱ्याला सांगून ठेवलं होतं, उद्या ये आणि भिंत हिरवी कर. रंगारी येतो, कुणाची खोली, काय खोली, बघत नाही, नव्या माणसाच्या भिंतीला हिरवा रंग फासून जातो." मी विचारलं, मग रोज का नाही गोठत? "कधीकधी खोली रिकामी असते. फासला रंग, कुणाला पत्ता नाही. कधी आत कुणी असतं. आणि गाभ्यात कुणी असलं ना, की सगळं घर खाली येतं."

दुरुस्ती तिला लगेच दिसली होती. ती जगापुढे मांडणं मात्र कठीण निघालं. अशी दुरुस्ती पाठवली की जगभरची जाणती माणसं ती वाचतात, शंका काढतात, आणि त्या भागाची राखण करणारा माणूस पटली तरच घेतो. त्याचं पहिलंच उत्तर आलं, की वाचन चालू असताना ही वायर कोण उपटेल? हे प्रत्यक्षात होत नाही. मित्रा चवताळली. तिनं लिहिलेलं पहिलं उत्तर मी तिला पाठवू दिलं नाही, ते इथे सांगण्यासारखंही नाही. शेवटी तिनं साधं लिहिलं, की आमच्या भागात प्रत्येक वजनाआधी प्रत्येक माणूस ही वायर उपटतो, आणि तसं करण्याचं त्याला कारण आहे. तक्रार करणारी म्हणून तिनं त्यात माझं नाव घातलं. तेव्हापासून त्या चर्चेचा प्रत्येक मेल माझ्याही फोनवर येऊ लागला. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. फोन वाजला की मी तिला फोन करायची आणि विचारायची, हा चांगलं बोलतोय की वाईट?

चर्चेत दुसऱ्या एकानं सोपा उपाय सुचवला, की जागा रिकामी करण्याआधी थोडं थांबायचं, बस. मित्राला या उपायाची चीड होती. "मालकानं खोली दोन दिवस उशिरा द्यायची म्हणे! आणि रंगारी तिसऱ्या दिवशी आला तर? वंदे, ही मलमपट्टी आहे. जखम झाकली जाईल आणि मग कुणी बघणारही नाही." तिचं म्हणणं सरळ होतं. आधी नवं काम घेणं बंद करा, लावून ठेवलेलं काम गाठा, ते हातातलं संपवेपर्यंत थांबा, आणि मग जागा मोडा. तिनं दुरुस्ती नव्यानं लिहिली आणि पाठवली. आमचं शेवटचं बोलणं त्यावरच झालं. "आता बघ, यात काही खोट काढता येणार नाही त्यांना," ती म्हणाली. स्वारी खुशीत होती. मागून अक्का जेवायला हाका मारत होत्या.

जलदानविधीच्या दिवशी धुळ्याच्या त्या घरात माणसं दाटीवाटीनं बसली होती. बुद्धवंदना झाली, लोक तिच्याविषयी बोलले. कॉलेजचे जुने सर बोलले, शेजारच्या बाई बोलल्या. मग मला बोलायला उठवलं. तेवढ्यात माझा फोन थरथरला. बाहेर येऊन पाहिलं. राखणदाराचा मेल होता. संघमित्राला उद्देशून, नेहमीसारखा, नमस्कार करून. तुमची दुरुस्ती चांगली आहे, पण एक शंका आहे, असं लिहून त्यानं विचारलं होतं की एका वेळी एकालाच आत सोडणारं जे कुलूप असतं, ते तुम्ही हातात धरून त्या कामाची वाट बघता आहात, आणि ते कामही तेच कुलूप मागतं. दोघंही कायमचे अडकून बसणार नाहीत का? शेवटी लिहिलं होतं, दुरुस्त्या घेण्याच्या या फेरीत उत्तर आलं नाही तर मी तो थोडं थांबायचा छोटा उपाय घेईन, कारण लोकांचे संगणक गोठताहेत.

मी त्या अंगणात, चपलांच्या ढिगाशेजारी उभी राहून रडले. दवाखान्यात रडले नव्हते, त्या दिवशी रडले. एका माणसाला अजून माहीत नव्हतं. तो तिच्याशी बोलत होता, तिच्या उत्तराची वाट बघत होता, आणि त्याला वाटत होतं की ती अजून त्या पत्त्यावर राहते. मला त्याचा हेवा वाटला. आणि लगेच धडकीही भरली, की आता मलमपट्टी आत जाणार. तिला आयुष्यात ज्या एका गोष्टीचा एवढा तिटकारा होता ती तिच्या नावाच्या चर्चेखाली पक्की होणार, आणि ती काही बोलू शकणार नाही.

जळगावला परतल्यावर मी पहिल्यांदा त्या माणसाला लिहिलं. संघमित्रा गेली, एवढं एक वाक्य. त्याचं उत्तर फार चांगलं आलं, त्यानं तिच्या कामाविषयी जे लिहिलं ते मी अक्कांना वाचून दाखवलं. पण शंका शंकेच्या जागी राहिली. मी त्याला विचारलं, थोडे दिवस द्याल का? तो म्हणाला, देतो. दिवस मागून तर घेतले, पण मी काट्याच्या पावत्या छापणारी बाई. गाभ्याच्या आत मी कधी डोकावलेही नव्हते. दुकानात गिऱ्हाईक यायचं आणि मी शून्यात बघत असायची. मदतनीस मुलगी विचारायची, ताई, चहा सांगू का? मी तिच्यावर खेकसायची. नवरा म्हणाला, अगं, नाही झालं तर नाही. त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

मला वाट सापडली ती तिच्याच रंगाऱ्यामुळे. कोडमध्ये बघून डोकं भणभणलं की मी कोड बंद करून रंगाऱ्याचा विचार करायची. मालक किल्ली खिशात घालून दारात उभा आहे, रंगारी काम संपवेल म्हणून. रंगारी जिन्यात उभा आहे, मालक किल्ली देईल म्हणून. दोघं सज्जन, दोघं एकमेकांची वाट बघताहेत, आणि घर बंद! एकदा हे दिसल्यावर मी मोठ्यानं हसले. मित्रा, अगं, तूच अशी कशी फसलीस? घाईत होतीस ना? नेहमीसारखी! मालकानं किल्ली खुंटीवरून काढण्याच्या आधीच रंगाऱ्याची वाट बघायची. एवढंच. तो गेला की मग किल्ली घ्यायची आणि खोली मोडायची. तिनं लिहिलेल्या ओळी तशाच ठेवून त्यांतल्या काही वर सरकवायच्या होत्या. त्या सरकवतानाही मी इतक्यांदा चुकले की विचारू नका, पण शेवटी सरकल्या.

दुरुस्त केलेला गाभा घेऊन मी फैजपूरच्या काट्यावर गेले आणि तो तिथल्या संगणकात घातला. काही समजावून सांगायची गरज नव्हती, आमच्या रीतीनंच तपासणी करून टाकली. शेतकरी येत होते, पिन काढ म्हणत होते, शून्य बघत होते, पिन लावत होते. मी पत्र्याच्या खोलीत उभी. प्रत्येक वेळी वायर निघाली की माझा जीव वर यायचा. संध्याकाळपर्यंत संगणक एकदाही गोठला नाही. व्यापारी म्हणाला, "काय केलं ताई, नवीन मशीन बसवलं का?" मी म्हणाले, नाही, तेच आहे. त्याला ते पटलं नाही.

आता पाठवायचं होतं, आणि पाठवताना एका गोष्टीवर मी अडले. तिथे नियम आहे. प्रत्येक दुरुस्तीच्या खाली लिहिणाऱ्याच्या नावाची एक ओळ असते. तिचा अर्थ असा, की हे मी लिहिलं आहे आणि याचं उत्तर मी देईन. ही ओळ आपली आपणच लिहायची असते, दुसऱ्याच्या नावानं लिहिता येत नाही. मित्रानं तिची ओळ लिहून ठेवलेली होती. पण मी तिच्या कामात बदल केला होता, आणि बदललेल्या कामाला ती उत्तर कशी देणार? मी त्या राखणदाराला विचारलं. तो म्हणाला, लेखिका तीच. तिची ओळ राहू द्या. त्याखाली कंसात, तुम्ही काय बदललं ते एका वाक्यात लिहा, आणि त्याखाली तुमची ओळ घाला. मी तसं केलं. वाक्य लिहायला सोपं होतं. नावाची ओळ लिहिताना हात थांबला, कारण आजवर त्या कागदावर मी फक्त तक्रार करणारी होते. काही दिवसांनी त्याचं उत्तर आलं. घेतली, म्हणाला.

मी धुळ्याला गेले. अक्का भाजी निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच लॅपटॉप उघडला आणि त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, हे बघा, आत गेलं तिचं. त्यांनी चष्मा लावला. नोकरीमुळे त्यांना इंग्रजी अक्षरं वाचता येतात. बोट फिरवत त्या नावापर्यंत आल्या आणि तिथे बोट ठेवून थांबल्या.

"हाई कोनी काढाव त नही ना?"

म्हटलं, नाही. पुढेमागे ती वायर जाईल, काटे बदलतील, कोणी या ओळी पुसूनही टाकेल. पण त्या कुणी लिहिल्या होत्या, ही नोंद तिथे जपलेली असते, ती कुणालाच पुसता येत नाही. मग बोट खाली सरकलं.

"आनि हाई खाले कोनं नाव शे?"

"माझं."

"तुनं कसाले?"

मी नियम सांगितला. अक्कांनी नोकरीभर इंजेक्शनं दिली, लशी टोचल्या, दर वेळी खाली सही केली. सहीचा अर्थ त्यांना मी काय सांगणार! त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "म्हंजे आते काही बिघडनं, त त्या लोके कोनले इचारतीन? ती त नही शे आते."

हे वाक्य त्यांनी तोवर एकदाही उच्चारलं नव्हतं. म्हटलं, "मला विचारतील, अक्का."

"तुले येस का तिनं काम?"

"नाही. तिच्याइतकं नाही. शिकेन."

त्यांनी भाजीचं ताट बाजूला सारलं. उठल्या, आतल्या खोलीत गेल्या. मित्राच्या टेबलाशी असलेल्या खुर्चीवर तिच्या धुतलेल्या कपड्यांची चळत होती, ती उचलून त्यांनी कॉटवर ठेवली. खुर्ची पदरानं पुसली. नवीच होती खुर्ची, घेतल्यापासून मित्रानं तिच्यावर कपडेच ठेवले होते.

"मंग बस," अक्का म्हणाल्या. "उभी ऱ्हाईसन काय शिकशी?"

मी बसले.